वासाला आलेला नकार

"अवो भावजी, इस्त्रीचा शर्ट घालून धार काढालायसा?"

माझ्या तान्ह्या लेकीला, शांभवीला, कडेवर घेऊन मी गोठ्याच्या दारात उभी होते. आत माझे दीर, बसाप्पा, चंदनाच्या साबणानं आंघोळ करून, भांग पाडून, पांढऱ्याशुभ्र शर्टात म्हशीखाली बसले होते. थोड्या वेळानं आम्हाला गडहिंग्लजची एसटी धरायची होती, त्यांच्यासाठी मुलगी बघायला. म्हैस मात्र शेणानं भरलेली शेपटी त्यांच्या पाठीवरून निवांत फिरवत होती.

"तिला माझ्याच हाताची सवय हाय," ते म्हणाले.

"धार सकाळीच झाली की! दूध मीच मापलंय."

मी वाकून पाहिलं. बादली कोरडी होती.

मंगळवार पेठेत आमचा पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा. आणि भावजींच्या प्रत्येक बघण्याच्या कार्यक्रमाला हीच तऱ्हा. कधी पायाला शेण, कधी खिशात पेंडीचा भुगा. मुलीकडचे नाकाला पदर लावायचे, नकार यायचा, आक्का म्हणजे आमच्या सासूबाई म्हशींना शिव्या घालायच्या, आणि भावजी शीळ घालत हिंडायचे.

"खरं सांगा, मुद्दाम करतासा न्हवं?"

त्यांनी म्हशीची कास उगाचच पुसली. मग हळूच म्हणाले, "वैनी, आता नकार येतोय त्यो वासाला येतोय. सोच्छ हून गेलो आन् तरीबी न्हाय म्हणाली, तर ती कुणाला न्हाय म्हणाली?"

मला हसू येणार होतं, ते राहिलं. रेड्याला शिंगाला धरून मागं सारणारा हा माणूस! अनोळखी कुणी आलं की शांभवी माझ्या खांद्यात तोंड खुपसून एका डोळ्यानं बघते ना, तसा बघत होता.

"आन् व्हय म्हणाली तर कुणाला म्हणंल?" मी म्हटलं. "तुमी अजून कुणाला दिसलायसाच कुठं? सगळ्या पोरींनी म्हशीलाच बघितलंय की!"

"तुमी लई बोलतासा."

"उठा. ह्यांचा शर्ट काढून देते."

भावजी पुन्हा न्हाणीत शिरले. आक्का बाहेरून ओरडल्या, "आज काय अभिषेक हाय व्हय रं बसू?"

गडहिंग्लजला मुलीनं, दानेश्वरीनं, पोह्यांच्या बश्या आणून ठेवल्या. माझ्या नवऱ्याचा शर्ट भावजींना खांद्यात आवळत होता. तिचे वडील म्हणाले, "दूधधंदा म्हंजे कष्टाचं काम, न्हाय?"

भावजींनी तोंड उघडलं. "आमच्यात शेण लई—"

त्यांना पळवाट दिसली होती. मी शांभवीला जरा जोरातच थोपटलं. भावजी थांबले.

"कष्ट हायतच," ते म्हणाले. "खरं मला आवडतंय. नावानं हाक मारली की म्हशी मान वळवून बघत्यात. तवा लई बरं वाटतंय."

दानेश्वरीनं पहिल्यांदा मान वर केली. "नावं हायत त्यास्नी?"

"हायत की! एक राणी, ती लई भांडकुदळ. आन् एक सरपंच."

"म्हस आन् सरपंच?"

"पुढं झाल्याबिगर चालतच न्हाय!"

ती खळखळून हसली. तिच्या वडलांनी खाकरून पाहिलं, पण हसू थांबेना. एसटीत परत येताना भावजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वैनी, बघितलं तिनं मला."

दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तो नकाराचा. मुलगीच म्हणाली होती, माणूस चांगला आहे, पण मला शहरात नोकरी करणारा हवा. आक्कांनी शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. या खेपेला म्हशींचा काहीच दोष नव्हता.

दुपारी भावजी जेवायला बसले. शीळ नव्हती.

"मलाच न्हाय म्हणाली, वैनी."

"व्हय."

"खर्डा वाढा."

मी वाढला. डोळे भरून आले त्यांचे. खर्ड्यानं असतील. शेवटची भाकरी मोडताना म्हणाले, "तुमच्या कुरुंदवाडला कोणतरी हाय म्हणत हुतासा न्हवं?"

"हाय की. माझ्या मामेभणीची नणंद. शाळेत शिकवती."

"ऐतवारी जाऊन येऊ."

शांभवी रांगत त्यांच्या ताटापाशी पोचली होती. त्यांनी दुधात भिजवलेला घास बोटांनी मऊ केला, फुंकर घातली आणि तिच्यापुढं धरला. तिनं तोंड फिरवलं. भावजी हसले, जरा थांबले, आणि घास पुन्हा पुढं केला.