पायडलावरची नक्षी

फुकट मिळणाऱ्या वस्तूचा आधी वास घेऊन बघावा, असं संध्याचं मत होतं. आणि दिराची माया ही तर तिच्या मते दोनदा वास घेण्याजोगी वस्तू.

तिचा नवरा कल्याण सावरवाडीचा डाकसेवक होता. अकरा वर्षं त्यानं गावाचं आणि आसपासच्या वस्त्यांचं टपाल वाटलं. गेल्या मे महिन्यात टपाल वाटून येताना त्याला ऊन लागलं आणि आष्टीच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला. आता त्याच्या जागेवर अनुकंपेतून संध्याला लागता येणार होतं. लेक अर्पिता जालन्यात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ही नोकरी मिळाली तर तिचं शिक्षण पुरं होणार, नाहीतर सामानाची पेटी घेऊन ती घरी येणार, हे दोघींनाही कुणी सांगायची गरज नव्हती.

सगळे कागद जमले होते. अडलं होतं दोन ठिकाणी. अर्जात एक ओळ होती, उमेदवाराला सायकल चालवता येते, आणि तिच्याखाली सही करायची होती. संध्यानं आयुष्यात सायकलच्या घंटीलासुद्धा बोट लावलं नव्हतं. दुसरं, घरातल्या बाकीच्यांचा ना-हरकत कागद हवा होता. सासूनं, प्रभावतीबाईंनी, अंगठा केव्हाच दिला होता. राहिला होता धाकटा दीर मिथुन. तोही बारावी पास, तोही रिकामाच, कधी अंकुशनगरला कारखान्याच्या हंगामी कामावर, कधी घरी. सही मागायला गेली तर तो म्हणाला, "वहिनी, शाळेच्या मैदानाला एकट्यानं दोन चकरा मारा. मंग सही करतो."

"भाऊजी, सहीचा अन् सायकलीचा काय संबंध?"

"संबंध आहे. मी शिकवतो ना. दादाचीच सायकल घेऊ."

इथंच संध्याच्या मनात पाल चुकचुकली. चुलत सासरे साहेबराव, जे तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून गावात प्रत्येकाच्या कागदात नाक घालत होते, त्यांनी त्या पालीला चांगलं खाऊपिऊ घातलं.

"सायकल येते म्हणून लिहून दे अन् मोकळी हो. कोण बघायला येऊन राह्यलंय? सगळेच लिहितात," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "मिथुन एवढा का मागं लागला, ह्याचा इचार कर. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी आष्टीला साहेब येणार कागद तपासायला. तोवर तुझे हातपाय मोडले, की जागा कोणाला?"

संध्यानं विचार केला. विचार करण्यात ती कधीच कमी पडली नव्हती.

शिकवणी सुरू झाली. सकाळी शाळा भरायच्या आधी, मैदानावर. सायकल पुरुषी, उंच, मधे आडवा दांडा. अर्पिताचा पंजाबी ड्रेस घालून संध्या उभी राहिली, तर मिथुन म्हणाला, आधी कैची. म्हणजे दांड्याखालून पाय पलीकडे घालून, अंग वाकडं करून, आठ-नऊ वर्षांची पोरं मारतात तसं अर्धं अर्धं पायडल मारायचं. चाळिशीला टेकलेली बाई कैची मारतेय हे बघायला पाण्याला निघालेल्या बायका घागरी खाली ठेवून थांबल्या. संध्याला वाटलं, हा मुद्दाम करतोय. शरमेनं ही आपणहून सोडून देईल, असा डाव आहे. तिनं दात-ओठ खाऊन कैची मारली. तीनदा पडली, कोपर सोललं, आणि चौथ्यांदा पडली तेव्हा मिथुननं हात पुढे केला तो तिनं घेतला नाही.

पाचव्या दिवशी ती सीटवर बसली. मिथुन मागून कॅरिअर धरून पळायचा. त्याला धाप लागायची, पण तो सोडायचा नाही. न सोडण्यातही संध्याला खोट दिसली. हा सोडतच नाही, म्हणजे मला एकटीनं येऊच द्यायचं नाही. सोडलं असतं तर म्हणाली असती, पाडायला बघतो. संशयाचं असंच असतं, त्याला उपाशी कसं ठेवायचं हे कुणाला जमलेलं नाही.

तसा संशय तिच्या घरात नवा नव्हता. कल्याण जिवंत असताना तो रोज दुपारी जेवायच्या ताटाशी येऊन बसायचा. कल्याणची फेरी बारा किलोमीटरची. दहाला निघायचा. सायकलवर फार तर दोन तास लागावेत, बारापर्यंत माणूस घरी. हा यायचा दीडला. रोज दीडला, घामानं निथळून. विचारलं तर म्हणायचा, "लोक बोलत बसतात." फेरीच्या शेवटच्या टोकाला, पाझर तलावाच्या पलीकडं, पुष्पाबाईचा मळा होता. पुष्पाबाई विधवा, एकटी राहणारी, हसतमुख. त्या मळ्यात कल्याण बसलेला लोकांनी पाहिला होता. संध्यानं हिशेब जुळवला, आणि अकरा वर्षं तो नवऱ्याच्या ताटात वाढला. कल्याण मान खाली घालून जेवायचा. एकदाच म्हणाला होता, "तसं काही न्हाई गं." कसं आहे, ते मात्र सांगितलं नव्हतं.

कल्याण गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पुष्पाबाई आली होती. सगळ्यांना पाणी दिलं गेलं, तिला नाही. संध्यानं तिला मांडवाच्या बाहेर उभी ठेवली. पुष्पाबाई पंधरा मिनिटं उन्हात उभी राहिली आणि हात जोडून निघून गेली.

नवव्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली होती, सायकल चिखलानं भरली. संध्या घरी आणून ती पुसत बसली. चाकं पुसली, दांडा पुसला, मग पायडल पुसता पुसता तिचा हात थांबला. पायडलाच्या रबरावरची नक्षी जशीच्या तशी होती. एकही रेघ झिजलेली नव्हती. तिनं सीटचं कापडी कव्हर काढलं. खाली दुकानातलं प्लॅस्टिक अजून ताणून बसवलेलं, फक्त पिवळं पडलेलं. आणि हँडलच्या मुठी? त्यांचं रबर झिजून आतली लोखंडी नळी दिसत होती.

अकरा वर्षं रोज चालवलेल्या सायकलचं पायडल कोरं कसं राहील?

साहेबरावांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "सामान बदललंय," ते म्हणाले. "नाहीतर सायकलच बदलली. जुनी इकली, अन् ही कुठून तरी आणली. मी बोललो न्हाई तुला?"

पण चेनच्या कव्हरवर पिवळ्या रंगात 'कल्याण' लिहिलेलं होतं, आणि तो रंग अर्पितानं चौथीत असताना दिला होता. काना थोडा तिरका. सायकल तीच होती.

मिथुन अंगणात हात धूत होता. संध्यानं सायकल ओढत त्याच्यापुढं नेऊन उभी केली.

"भाऊजी, ह्याचं पायडल कधी बदललं? सीट कधी बदलली? खरं सांगा, नाहीतर तुमची सही बी नको अन् शिकवणी बी नको."

मिथुननं पायडलाकडं पाहिलं. हात टॉवेलला पुसत राहिला, हात कोरडे झाले तरी पुसत राहिला.

"काहीच बदललं न्हाई, वहिनी. दादाला सायकल येत नव्हती."

संध्या हसली. "काहीही."

"शपथ घातल्ती त्यानं मला. लहानपणी आष्टीच्या उतारावर पडला, हात मोडला. त्या दिवसापासून जो घाबरला तो घाबरला. नोकरीच्या अर्जात 'येते' म्हणून सही केली. मंग रोज हातात धरून नेली. कॅरिअरला थैला बांधायचा अन् बारा किलोमीटर पायी. गाव म्हणायचं ना, कल्याण सायकलला फिरवून आणतो?"

म्हणायचं. गल्लीतून सायकल हातात धरून जाताना सगळ्यांनीच त्याला पाहिलं होतं. लई जपतो, म्हणून लोक हसायचे. संध्याही हसायची. गावाबाहेर गेल्यावर बसत असेल, असं तिनं धरलं होतं.

"सरकारात खोटं लिहिलं, कळलं तर नोकरी जाईल, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तुम्हाला बी बोलला न्हाई. गेल्याच मे महिन्यात मी म्हणलो, दादा, शिकवतो तुला, रात्री शिकू, कोणी बघणार न्हाई. तर म्हणला, पुढच्या महिन्यात." मिथुननं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. ना-हरकत. खाली सही होती, आणि तारीख जूनची. "सही कधीच केलीय. तुमच्या हातात दिला असता तर तुम्ही बी नुस्तं लिहून मोकळ्या झाल्या असत्या. मंग तुम्ही बी उन्हात पायी."

संध्यानं कागद घेतला. आणि तरीही, हे सांगायला हवं, तिचा विश्वास बसला नाही. माणूस मेल्यावर त्याचा भाऊ असंच काहीतरी बोलणार. इतक्या वर्षांचा हिशेब एका सहीवर सोडून द्यायला ती तयार नव्हती. तिला पुरावा हवा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तिनं कॅरिअरला कल्याणचा थैला बांधला, आत जुने पेपर कोंबले, हातात घड्याळ घातलं आणि बरोबर दहाला निघाली. सायकल हातात धरून, पायी. आधी शाळेमागची वस्ती, मग तांडा, मग तलावाचा बांध. प्रत्येक दारापाशी टपाल द्यायला लागेल तेवढा वेळ ती थांबायची. लोक विचारायचे, ती पुढं निघायची. बांधावर चढ होता. तिथं सायकल अंगावर येते, मुठी घट्ट धराव्या लागतात, आणि बोटं नेमकी तिथं बसतात जिथलं रबर गेलेलं होतं. तिची बोटं त्या खळग्यांत बसली. मग तिनं घड्याळाकडं बघणं सोडायला हवं होतं, पण तिनं सोडलं नाही.

पुष्पाबाईच्या मळ्यात पोचली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. इथून घर दीड तास. मधे दहा मिनिटं बूड टेकलं, की दीड. रोजचा दीड.

पुष्पाबाई शेंगा तोडत होती. संध्याला बघून ती उठली आणि जागीच थांबली. उन्हात उभी ठेवल्याची आठवण दोघींनाही एकदमच झाली असावी.

"तो इथं काय करायचा?" संध्यानं विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"बूट काढून बसायचा, माय. त्या दगडावर. पायाला फोड यायचे त्याच्या. पाणी पिऊन उठायचा." पुष्पाबाईनं सायकलकडं पाहिलं. "मी कितींदा म्हणलं, इथं कोणी न्हाई, मी मागून धरते, शिकून घे. म्हणायचा, पडलो अन् घरी समजलं तर संध्याला काय वाटंल, नवऱ्याला साधी सायकल येत न्हाई."

संध्या त्या दगडावर बसली. तिला रडू आलं ते लपवण्यासारखं नव्हतं, आणि तिनं लपवलंही नाही. मी अकरा वर्षं त्या माणसाच्या ताटात तुम्हाला वाढलं, पुष्पाबाई, असं ती म्हणाली. तुम्हाला त्या दिवशी पाणीसुद्धा दिलं नाही. मला माफ करा. पुष्पाबाई घरात गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. आधी संध्याला दिला, मग उरलेलं स्वतः प्यायली.

निघताना संध्यानं घड्याळ पाहिलं, बारा वाजून पाच मिनिटं, आणि सायकल वळवली. ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली, पण बसली नाही. बसायचं कसं, हेच तिला अजून एकटीला जमत नव्हतं.

"पुष्पाबाई," ती म्हणाली, "मागून धरता का?"

पुष्पाबाईनं पदर खोचला आणि दोन्ही हातांनी कॅरिअर धरलं. संध्यानं टांग टाकली, त्या कोऱ्या नक्षीवर पाय ठेवला आणि जोर दिला. सायकल हेलपाटली, सावरली, आणि बांधाच्या उताराला लागली. मागे कोण आहे, कुणी कधी सोडलं, हे तिनं बघितलं नाही. तांड्याजवळ ती एकदा पडली, एका मैलाच्या दगडावर पाय टेकून पुन्हा चढली. शाळेच्या मैदानापाशी मिथुन उभा होता, तो काही ओरडला. ती थांबली नाही, कारण थांबायचं कसं तेही अजून नीट येत नव्हतं.

दाराशी भिंतीला चाक टेकवून ती उतरली आणि घड्याळात पाहिलं. पाऊण वाजायला पाच मिनिटं होती. पडण्यासकट पस्तीस मिनिटं.

प्रभावतीबाई आतून म्हणाल्या, "आलीस का? जेवून घे."

"थांबा, आत्या," संध्या म्हणाली, आणि उंबऱ्यावर रस्त्याकडं तोंड करून बसली. दीड वाजेपर्यंत ती तिथून उठली नाही.