सेगुला झाली

कल्याणहून पाथरवटाचा फोन आला. सेगुलाबाईंच्या कबरीचा दगड होत आला होता, मराठी आणि हिब्रू दोन्ही अक्षरं कोरून झाली होती.

"काका, नावाखाली मुलांची नावं राहिलीत. सांगता का?"

"मुलं नाहीत," म्हणून हस्केलकाकांनी फोन ठेवला.

तो बिचारा रीतीप्रमाणेच विचारत होता, पण काकांच्या ते जिव्हारी लागलं. जन्मभर लोकांनी हेच विचारून नवराबायकोला भंडावलं होतं. सेगुलाबाई मात्र कधी चिडल्या नाहीत. "यशया नबीनं सांगितलंय," त्या म्हणत, "शब्बाथ पाळणाऱ्या निपुत्रिकांना देव मुलाबाळांहून चांगलं नाव देणार आहे. कधी न पुसणारं." शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागला की शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी कधी गॅस पेटवला नाही, फोन घेतला नाही. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत खिडकीत तेलाचा दिवा लावायचा म्हणजे लावायचा, मग अंगात ताप का असेना. त्या गेल्यावर काकांनी हा नेम चालवला, खरं तर देवापेक्षा बायकोच्या धाकानं.

आज शुक्रवार होता. काचेच्या पेल्यात तेल ओतून तयार होतं. काकांनी काडेपेटी उचलली आणि परत ठेवून दिली.

"सगळं पाळलंस ना?" ते फोटोतल्या सेगुलाबाईंना म्हणाले. "काय मिळालं? एक दगड. तोही खालून कोरा." देवावरचा राग बायकोवर काढतोय, हे त्यांना कळत होतं. त्यांना रडू येत होतं.

उन्हं उतरली. तेवढ्यात बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरची ऐश्वर्या. दिवाळीनंतर इथं ठाण्याच्या चरईत राहायला आलेली, सेगुलाबाईंना तिनं पाहिलंही नव्हतं.

"काका, आज सेगुला नाही झाली का? पोरं खेळ सोडून वर येतच नाहीयेत."

"काय नाही झाली?"

"सेगुला. दिवेलागण हो. शुक्रवारी तुमच्या खिडकीत दिवा लागला की पोरं ओरडत येतात ना, सेगुला झाली, सेगुला झाली. बिल्डिंगमध्ये सगळेच म्हणतात. आमच्या साताऱ्याकडे नाही हा शब्द. मला वाटलं, ठाण्याकडचा असेल." काकांचा चेहरा बघून ती थांबली. "चुकलं का माझं काही?"

"नाही गं पोरी," काका म्हणाले. "इकडचाच शब्द आहे."

ती गेल्यावर ते लगबगीनं खिडकीशी आले. घाईत दोन काड्या वाया गेल्या. समोरच्या गच्चीवर अजून जरासं ऊन होतं. तिसऱ्या काडीला वात पेटली.

"ए, सेगुला झाली!" खालून कुणीतरी ओरडलं, आणि जिन्यावर पोरांच्या चपला वाजू लागल्या.

पाथरवटाला लगेच फोन करावा, असं काकांना फार वाटलं. नावाखाली काही नको, नुसतं नाव पुरे, एवढंच सांगायचं होतं. पण शब्बाथ लागला होता. त्यांनी फोनला हात लावला नाही.