मुरमावरचं कारळं

"लई जोरात आलंय की कारळं, धोंडीराम!" आसाराम म्हणाला, आणि केसरबाईच्या हातातला ताकाचा तांब्या हिंदकळला.

दसरा नुकताच झाला होता. अंबाजोगाईकडचा आसाराम आपल्या लेकीसाठी, सत्यभामेसाठी, घरदार बघायला पालीत आला होता. केसरबाईच्या लेकाची, म्हाळूची, सोयरीक याआधी दोनदा फिसकटलेली, कारण जो येई तो आधी जमीन विचारी. आणि जमीन म्हणजे खाली काळ्या मातीचा एक तुकडा, वर निजाम सरकारच्या दप्तरी पडीक लागलेला मुरमाड माळ. पावसाळा सरता सरता त्या माळावर सोनकी फुले. रानफूल ते, ना खायचं ना विकायचं. पण लांबून माळ असा पिवळाधमक दिसे, की कुणालाही कारळ्याचं रान वाटावं.

केसरबाई खरं सांगणार, तोच तिचा नवरा धोंडीराम बोलून गेला, "हाव की! तेल ठिवायला घागरी पुरंनात."

झालं! धोंडीरामाची जीभ सैल सुटली. त्यानं तेल गाळलं, पेंड बैलांना चारली. बैल होता एकच, तोही शेजाऱ्याचा. केसरबाईला घाम फुटला, आणि मेलं हसूही फुटायला लागलं.

आसाराम उठला. "चला, जवळून बगू."

"नगं! तितं साप हाय," धोंडीराम ओरडला.

"मंग काठी घेतो."

"लई मोटा हाय!"

"मंग तर बगायलाच पायजे."

केसरबाई हसता हसता मटकन खाली बसली. "दादा, साप बी न्हाई अन् कारळं बी न्हाई. सोनकी हाय ती. काळ्या मातीत लावली तर कुजती, मुरमातच फुलती. अन् आमच्याकडं मुरूमच लई हाय. आता सोयरीक करा, न्हाईतर मोडा."

धोंडीरामाचं तोंड एवढंसं झालं. दाराआड म्हाळूनं डोळे मिटून घेतले.

आसारामाचे खांदे गदगदा हलू लागले. "वयनी, म्या आल्याबरूबर वळखली सोनकी. माज्या बापानं माज्या सासऱ्याला हेच कारळं दावलंतं! बायकू अजून तोंड सोडती."

"मंग कावून इचारलं वो?"

"पोर सासूच्या हाती द्यायची. सासू खरं बोलती का, तेवडं बगायचं व्हतं."

"म्हंजी जमलं?" धोंडीरामानं चाचरत विचारलं.

"जमलं! फेटाभर फुलं तेवडी द्या. बायकूला दावतो. म्हनतो, बग, पोरीला बी तुज्यावानीच कारळ्याचं घर बगितलं."