पहिला कडू घोट

मित्रांनो, मी हेबेर लारोसाचा तुंबा. जुना, बुडाशी तडकलेला, कडेला काळवंडलेला. आमच्या उरुग्वेत भोपळा कोरून असा तुंबा करतात, त्यात येरबाचा कडू पाला भरतात, वरून गरम पाणी ओततात आणि पितळी नळीनं ओढून पितात. माझं तोंड जन्मभर दुसऱ्यांच्याच कामी आलं. आज पहिल्यांदा स्वतःसाठी उघडतोय.

ताक्वारेम्बोत हेबेरच्या आईच्या कुंपणावर मी लागलो. तिनं मला वेलावरच वाळू दिलं, पोट कोरलं, ओला पाला भरून ठेवला आणि मग चमच्यानं खरवडखरवड खरवडलं. हेबेर मोन्तेविदेओच्या क्लबात फुटबॉल खेळायला निघाला, तेव्हा तिनं मला त्याच्या बुटात कोंबलं. "रोज रिकामा करायचा आणि पालथा घालून वाळवायचा," ती म्हणाली. "नाही तर कुजेल मेला." रडू मात्र तिनं बस सुटेपर्यंत आवरलं असावं.

हेबेर मधल्या फळीत खेळायचा. समोरच्याचा चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या माणसाच्या पायात नेऊन ठेवायचा. गोल दुसऱ्याचा, फोटो दुसऱ्याचा. कपडे बदलायच्या खोलीतही तेच! सामन्याआधी सगळे कोंडाळं करून बसत आणि ओतायचं काम हेबेरकडे असे. ओतणाऱ्यानं पहिला तुंबा स्वतः प्यायचा, अशी आमची रीत. तो कोमट असतो, जहर कडू असतो, पाल्याचा चुराही त्यातच येतो. मग पुन्हा पुन्हा भरून एकेकाला द्यायचा, पिणाऱ्यानं रिकामा करून ओतणाऱ्याच्या हातात परत द्यायचा. आभार मानायचे नाहीत. ज्यानं 'आभारी आहे' म्हटलं, त्याला पुढच्या फेरीत कोणी विचारत नाही. त्याचं झालं, असं समजायचं.

आम्ही अजिंक्यपद जिंकलो त्या वर्षी मला हात लावल्याशिवाय मैदानात उतरायची कोणाची छाती नव्हती. गोलरक्षक तर माझा मुका घ्यायचा. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू?

पण मग हेबेरचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्महिने घरी बसून तो परत आला. बरा झालोय म्हणाला, सगळ्यांनी खरं मानलं. ओतताना तो मला उजव्या गुडघ्यावर टेकवायचा, त्यामुळे मला कळत होतं. पाण्यापेक्षा तो गुडघाच जास्त गरम असायचा. खेळ सुटला तर आपलं काय, या भीतीनं तो कुणाला काही सांगत नव्हता.

संघाचे कपडे आणि बूट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या एलादिओला संशय आला.

"हेबेर, थापा मारू नकोस. पाय दाखव."

"काही नाही रे म्हाताऱ्या. हवा दमट आहे."

"मग हवेला बांध की पट्टी."

"एवढा रविवार खेळू दे. मग तू म्हणशील तसं."

एलादिओ टॉवेलांच्या घड्या घालू लागला. तेव्हाच त्यानं ओरडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

रविवारी हेबेर पहिला कडू तुंबा प्यायला, मग सगळ्यांना पाजून मैदानात उतरला. मध्यंतराच्या आतच त्याला उचलून आणलं. कोणी धक्कासुद्धा दिला नव्हता, नुसता वळला आणि कोसळला. डॉक्टर म्हणाले, चालशील, पण खेळणं विसर. त्या गडबडीत मला रिकामा करायचं राहून गेलं. ओल्या पाल्यासकट त्याच्या कपाटात पडलो आणि आतून बुरसटलो. पुढे ते कपाटही दुसऱ्याला मिळालं आणि मी खोलीच्या कोपऱ्यात पडलो.

कित्येक महिन्यांनी तो काठी टेकत मला न्यायला आला. सामन्याची वेळ होती. कोंडाळं बसलं होतं, तुंबा नवा, ओतणारा नवा. सरकून त्याला जागा दिली, मान म्हणून लगेच भरूनही दिला. हेबेर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि तुंबा परत करत म्हणाला, "आभारी आहे."

ओतणाऱ्याचा हात तसाच राहिला.

"एकच?" एलादिओ म्हणाला. "बस की जरा. पाणी आहे अजून."

"तुमचा सामना आहे," हेबेर म्हणाला.

रीत ती रीत, कोणी आग्रह केला नाही. मला काखेत धरून तो दारापर्यंत पोचायच्या आत कोंडाळ्यातली त्याची जागा बुजलीसुद्धा.

मित्रांनो, तुमच्यातही कोणी सगळ्यांना पाजणारा असेल. त्याला कसा आहेस म्हणून विचारा आणि तो 'काही नाही' म्हणाला, तर तेवढ्यावर सोडू नका. माझ्या हेबेरच्या बाबतीत आता उशीर झाला. त्यानं माझी बुरशी खरवडली, पण मी गळतो. आणि एकट्यासाठी ओतायचं त्याला जमत नाही. मी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, पालथा घातलेला, अगदी कोरडा. त्याच्या आईनं सांगितलं होतं तसा.