टेबलापर्यंतचा रस्ता

शनिवारी सकाळी माझी मुलगी ओब्दुलिया माझ्याकडे आली, भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, हे आजच्या आज चर्चमध्ये देऊन या. मी गेले तर सगळं गाव ओळखेल. तुमच्याकडे कोण बघतंय?"

तिचं खरं होतं. मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली, पण वर्गाबाहेर माझा आवाज फारसा कुणी ऐकला नाही. अजूनही दुकानात माझ्यामागून आलेली माणसं माझ्याआधी सामान घेऊन जातात.

पिस्तूल माझ्या जावयाचं, नाबोरचं होतं. सरहद्दीवरच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे. दर शनिवारी सकाळी राखाडी गाडीतून दोघे जण हप्ता घ्यायला येत. त्या रस्त्यावरचे सगळेच देत होते, नाबोरही देत होता. पण गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाने गिऱ्हाइकांसमोर त्याच्या तोंडात मारली. तेव्हापासून नाबोर बोलेनासा झाला. मग एक दिवस पूल ओलांडून तो जुनं वॉशिंग मशीन घेऊन आला. कस्टमचा दिवा हिरवा लागला, कुणी काही उघडून बघितलं नाही, आणि मशीनच्या पिंपात हे होतं. काल रात्री त्याने ओब्दुलियाला सांगितलं की उद्या हप्ता मिळणार नाही, हे मिळेल.

त्या दोघांतला एखादा पडला असता. दुसरा पडला नसता, आणि त्या दुसऱ्याच्या मागे किती जण आहेत हे आमच्या गावात कुणी मोजायला जात नाही. म्हणून नाबोर अंघोळीला गेला असताना तिने त्याच्या अवजारांच्या पेटीतून ते काढलं. त्या आठवड्यात सांता रीता चर्चच्या अंगणात लष्कराने टेबल मांडलं होतं. घरातलं हत्यार आणून द्यायचं, नाव सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. हत्यार तुमच्या डोळ्यांदेखत कापतात आणि बदल्यात किराण्याची कुपनं देतात. टेबलापर्यंत पोहोचलं की माफी. मात्र तेच हत्यार रस्त्यात सापडलं तर तुरुंग.

मी ते पिशवीच्या तळाशी ठेवलं. वर कोपऱ्यावरून आणलेल्या गरम तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, ठेवल्या, त्यांवर स्वच्छ कापड घातलं आणि मिनीबसमध्ये बसलो. पिशवी मांडीवर होती. तोर्तियांची ऊब मांडीला लागत होती आणि त्या उबेतसुद्धा लोखंडाचा गारवा वेगळा कळत होता. कदाचित कळत नसेलही, मलाच वाटत असेल.

बाजार ओलांडल्यावर ड्रायव्हरचा फोन वाजला. त्याने गाणं बंद केलं आणि आरशात बघून म्हणाला, "पुलाच्या तोंडाशी गोळीबार झालाय. दोघं गेले. पूल बंद."

बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं पलीकडच्या शिपायांनी मारलं, कुणी म्हणालं रांगेत घुसण्यावरून भांडण झालं. मेले ते हप्ता घेणारेच, राखाडी गाडीतले, असं मागच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं. त्यावर फोनमध्ये डोकं घातलेली एक बाई वर न बघता म्हणाली, "टायरवाल्याने मारले म्हणतात. हात काळे, गोळीबार झाल्यावर पळताना बघितला लोकांनी."

त्या रस्त्यावर टायरचं दुकान एकच आहे.

मी पिशवी घट्ट धरली. नाबोरने मारलेलं नाही, हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं, कारण त्याचं पिस्तूल माझ्या मांडीवर होतं. मला हायसं वाटलं. आणि लगेच वाटलं, ज्याने पिंपातून एक आणलं त्याला दोन आणायला काय हरकत होती? हा विचार मनात आला याची मला लाज वाटली, पण तो गेला नाही.

पुढच्या चौकात शिपायांनी मिनीबस थांबवली आणि पुरुषांना खाली उतरवलं. माझ्यासमोरचा शिपाई अगदी कोवळा होता. पिशवीत काय आहे असं त्याने विचारलं. मीच कापड बाजूला केलं.

"गरम आहेत?" तो म्हणाला. त्याने वरच्या दोन तोर्तिया उचलल्या, गुंडाळी केली आणि तिथेच उभ्या उभ्या खाल्ली. मग आणखी दोन घ्यायला हात घातला. त्याची बोटं आत गेली तेव्हा खाली किती उरल्या ते मी मोजत होतो. "आजोबा, आजी नाही वाटतं घरी. मीठ कमी पडलंय," असं म्हणून त्याने कापड नीट झाकून दिलं. मिनीबसमध्ये परत चढताना मला दांडा दोनदा धरावा लागला.

चर्चच्या अंगणात रांग होती. मी ओब्दुलियाला फोन केला. तिनेही ऐकलं होतं. नाबोर फोन उचलत नव्हता. ती रडत होती पण आवाज दाबून, कारण भिंतीपलीकडे शेजारीण होती. दिलंत का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, अजून नाही, आणि आता द्यावं की नाही हेच कळत नाही. नाबोरला धरला तर हे पिस्तूल सांगू शकेल की ते आज उडालेलंच नाही. इथे ते कापलं की संपलं. ना नाव, ना कागद.

"बाबा, तो घरी आला आणि ते घरात असलं, तर तो आता काय करेल?" तिने विचारलं. तेवढ्यात फोन बंद झाला. बहुधा तिनेच ठेवला असावा.

माझ्यापुढे एदुविहेस नावाची ठेंगणी म्हातारी होती. नाव तिने स्वतःच सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं. उशीच्या अभ्र्यात बारा बोअरची बंदूक घालून ती तान्ह्या पोरासारखी कडेवर घेऊन उभी होती. "नवरा गेला तेव्हा मागे ही ठेवून गेला, आणि मूळव्याधीचं मलम," ती म्हणाली. "मलम निदान उपयोगी पडलं." रांग हसली. आपण इथे म्हाताऱ्यांची गंजलेली लोखंडं कापतो, पण आजचे दोघं काही गंजलेल्या लोखंडाने मेले नाहीत, असं मागचा एक जण म्हणाला. आपल्या देशात बंदुकीचं दुकान शोधून सापडत नाही, आणि पुलापलीकडे चपलांच्या शेजारी बंदुका मांडलेल्या असतात. टेबल खरं तिकडे मांडायला हवं. दुसरा म्हणाला की तिकडे मांडलं तर तिकडचे लोक टेबलच विकत घेतील. एदुविहेस म्हणाली, कायदा कुठला का असेना, हिला झोपायच्या खोलीत ठेवून मला इतकी वर्षं झोप लागली नाही, आज लागेल.

मग सगळे पुन्हा पुलाकडे वळले. आता टायरवाल्याने सूड घेतला हे ठरूनच गेलं होतं. त्याच्या तोंडात मारल्याचंही सगळ्यांना माहीत होतं. "शाबास त्याची," एक जण म्हणाला. "पण उद्यापर्यंत जगत नाही तो. आणि घरचेही."

माझी पाळी आली तेव्हा मी काही ठरवलेलं नव्हतं. टेबलामागे लेफ्टनंट आणि एक जाडसर हवालदार बसले होते. मी तोर्तिया बाजूला करून फडकं काढलं. हवालदाराने सराईतपणे गोळ्या काढून घेतल्या आणि पिस्तूल बाजूच्या यंत्राकडे सरकवायला हात उचलला. त्या क्षणी मला वाटलं की हे उडालेलं नाही, निदान एवढं तरी कुणाच्या तोंडून बाहेर पडावं, चार लोकांनी ऐकावं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी रांगेत उभा असताना मोठ्याने बोललो.

"साहेब, हे हल्ली उडवलेलं आहे का, ते कळतं का हो तुम्हाला?"

अंगणातलं बोलणं थांबलं.

"का विचारता?" हवालदार म्हणाला.

"सहज."

त्या दिवशी, त्या गावात, असा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. हे मला शब्द तोंडातून गेल्यावर कळलं. हवालदाराने नळी नाकाशी नेली आणि लेफ्टनंटकडे बघितलं. काय वास आला ते त्याने सांगितलं नाही. लेफ्टनंट शांतपणे म्हणाला, "आजोबा, इथे आम्ही प्रश्न विचारत नाही. तुम्हीही विचारू नका." मग त्याने मान हलवली आणि यंत्र सुरू झालं. ठिणग्या उडाल्या. तुकडे बादलीत पडले, आणि ते साध्या नळाच्या तुकड्यांसारखे दिसत होते.

कुपनं घेऊन बाजूला थांबलेली एदुविहेस माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली. मी वळलो आणि निघालो. मागून कुणीतरी हाक मारली की कुपनं राहिली. मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं, कारण किराणा सोडून जाणारा म्हातारा लक्षात राहतो.

परतीची मिनीबस वेगळी होती, माणसंही वेगळी. तरी बातमी माझ्याआधी चढून बसली होती. पुलावरचं पिस्तूल चर्चमध्ये नेऊन कापलं म्हणे. एका म्हाताऱ्याने आणलं, चष्मा लावलेला, हातात तोर्तियांची पिशवी. बक्षीसही न घेता पळाला.

"टायरवाल्याचा बाप असणार," कुणीतरी म्हणालं.

"बाप कधीच वारला त्याचा. सासरा आहे. मास्तर होता शाळेत."

मी चष्मा काढून खिशात घातला आणि पिशवी पायांनी बाकाखाली ढकलली. मग मला कुणाचेच चेहरे दिसेनात. माझ्याकडे कोण बघतंय आणि कोण नाही हेही कळेना. घरापर्यंतचा सगळा रस्ता मी त्या धुक्यात बसून काढला.

नाबोर माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. हात कोपरापर्यंत काळे, चेहरा पांढरा. ओब्दुलिया त्याच्यामागे उभी होती. त्याने सांगितलं ते असं की दोघे नेहमीप्रमाणे आले, त्याने पेटीत हात घातला, आत फक्त पाने आणि जॅक होते. मग त्याने मान खाली घालून हप्ता दिला. एकाने जाताना त्याच्या गालावर थोपटलं. त्यांची गाडी पुलाच्या तोंडाशी पोहोचली आणि तिथे दुसऱ्या कुठल्या तरी गाडीतून गोळ्या सुटल्या. नाबोर दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून पडून राहिला. फोन तिथल्या तेलपाण्यात गेला. शांत झाल्यावर तो वर आला आणि पळाला. लोकांनी बघितलं ते एवढंच.

"मास्तर, कुठे आहे ते?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. कापलं ते सांगितलं, आणि मी विचारलेला प्रश्नही सांगितला, मिनीबसमध्ये ऐकलेलंही. ओब्दुलियाने तोंडावर हात ठेवला. नाबोर ओरडेल असं मला वाटत होतं. तो ओरडला नाही.

"मला ते भरता येत नव्हतं," तो म्हणाला. "विकणाऱ्याने एकदा दाखवलं, त्यानेच भरून दिलं. पुन्हा विचारायची लाज वाटली."

पोलिसांकडे जाऊ, खरं ते सांगू, असं मी म्हणालो. पिस्तूल असतं तर दाखवता आलं असतं, माझंच चुकलं, असंही म्हणालो. दोघांनी माझ्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं.

"असतं तरी कुणाला दाखवलं असतं?" नाबोर म्हणाला. "मेलेल्यांची माणसं वास घेऊन बघणार होती का?"

साल्तियोला नाबोरची बहीण असते. तिकडे, दक्षिणेला जाणारी बस संध्याकाळच्या आत सुटणार होती. ओब्दुलियाने तिघांचे कपडे दोन पिशव्यांत कोंबले. मी कपाटासमोर उभा राहिलो, एक पुस्तक काढलं, परत ठेवलं. बाहेर एक गाडी हळू झाली तेव्हा आम्ही तिघेही भिंतीला चिकटलो. ती पुढे गेली. ओब्दुलियाने नाबोरचे हात साबणाने घासले, पण काळं गेलं नाही, नखांत आणि रेषांत बसलं होतं.

बसमध्ये आम्ही एकमेकांना न ओळखता वेगवेगळे बसलो. ही कल्पना ओब्दुलियाची. नाबोर माझ्यापुढे काही रांगा सोडून होता, मला त्याची मान दिसत होती. माझ्या शेजारी मांडीवर चीजचा डबा घेतलेला एक गप्पिष्ट माणूस आला. गावाची हद्द यायच्या आत त्याने पुलावरचं सांगायला सुरुवात केली.

पण त्याच्याकडची हकीकत वेगळी होती. चर्चमध्ये पिस्तूल घेऊन आला तो म्हातारा म्हणजे लष्करातला निवृत्त कर्नल होता. उंच, पिळदार मिशा, काळ्या गाडीतून आला. लेफ्टनंटने उठून सलाम ठोकला. मोठ्या लोकांचं काम होतं सगळं, वरून आलेलं.

"आणि टायरवाला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा विचारलं.

"तो बिचारा फुकट मेला. दुपारीच उचलला त्याला, आता सापडत नाही तो."

गावाच्या हद्दीवर तपासणीसाठी बस थांबली. एक शिपाई पुढच्या दारातून चढला आणि एकेकाचा चेहरा बघत मागे येऊ लागला. नाबोरने हात मांड्यांखाली घेतले. शिपाई त्याच्याजवळ थांबला, काम काय करतोस असं त्याने विचारलं. नाबोर म्हणाला, गवंडी आहे. हात दाखव असं शिपाई म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. पण त्याने फक्त वरच्या फळीवरची पिशवी चाचपली आणि पुढे सरकला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

बस सुटली. शेजारी म्हणाला, "आजोबा, थरथरताय कशाला? संपलं आता ते सगळं."

मी त्याला म्हणालो, मला जरा कमी ऐकू येतं, तो कर्नल कसा दिसत होता ते पुन्हा सांगा. त्याने आनंदाने सांगितलं, मिशांपासून सगळं. मध्येच मी विचारलं, गाडीवर नंबर होता का. नव्हता म्हणे. काचा काळ्या होत्या. मी एकेक गोष्ट पाठ करत गेलो. पुढच्या थांब्यावर चहा-कॉफीला लोक उतरतील, कुणीतरी पुलाचा विषय काढेल, तेव्हा मी बोलणार होतो, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, आणि त्यातला एक शब्दही खरा नसणार होता.