बांगड्या काढलेला ढावलो

सणाला माहेरी आलेल्या शिलाआक्कापुढं निलमनं रेकॉर्डर धरला. आक्काच्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

“एकदाच म्हण ना, आक्का. आमच्या फिल्ममधी नवरी निघती, तिथं लावायचाय.”

नवरी सासरी निघताना गळ्यात पडून जे रडत गाते, त्याला बंजाऱ्यांच्या तांड्यात ढावलो म्हणतात. याडी, म्हणजे त्यांची आई भिकाबाई, देवीपुढं वात लावून राहिली होती. मंगळवारचा उपास होता तिचा. वातीवरची नजर न हलवता ती हळूच म्हणाली, “ढावलो काय सिनेमातलं गाणं हाय व्हय? निघणाऱ्या लेकीच्या तोंडीच शोभतो तो. भलतीकडं लावला तर आपल्याच हातानं अपशकुन.”

“नवरीलाच लावणार, याडी. देवीची आण.”

दिपा तिथंच बसली होती. हिंगोलीच्या कॉलेजात दोघी फिल्मचा कोर्स करत होत्या. दिपा दिग्दर्शक, निलमकडं आवाज. आक्कानं तिला पुरणपोळीवर तुपाची धार सोडून वाढलं होतं. दिपानंही गळ्याला हात लावला. “आक्का, माजीबी आण.”

मग पंखा बंद झाला, शेळी बाहेर हाकलली, दाराला गोधडी टांगली. आक्कानं सूर धरला तशा हातातल्या बांगड्या किणकिणायला लागल्या.

“आक्का, बांगड्या काढून ठेव की जरा,” दिपा म्हणाली.

याडीनं नुसतं वर पाहिलं. निलमनं घाईघाईनं सांगितलं, “ऱ्हाऊ दे. नवरीच्या बांगड्या वाजणारच. तेच खरं हाय.”

आक्का गायली. दारामागं उभ्या बाया डोळे पुसत गेल्या. गाऊन झाल्यावर आक्काच लाजली. “अगं, खरंच निघाल्यावानी वाटलं मला.”

निलमनं तो आवाज दिपाच्या हवाली केला आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागली. शेवटची जुळवणी दिपा आणि त्यांच्याच वर्गातला, एडिटिंग करणारा जुनेद करणार होते. मैत्रिणीच्या कामात कशाला डोकावायचं, असं तिला वाटलं.

कॉलेजात फिल्म दाखवायच्या दिवशी आक्का सासरहून मुद्दाम आली, याडीलाही घेऊन. पडद्यावर नवरी निघाली; मागं नुसती सनई वाजली. निलमनं मान वळवून दिपाकडं पाहिलं. दिपा पडद्याकडंच बघत होती.

पुढच्या प्रसंगात अंगणात तिरडी होती. तिच्यापाशी बसलेल्या बाईचा चेहरा मोठा झाला आणि ढावलो सुरू झाला. आक्काचाच आवाज, तोच हुंदका, तीच श्वासाची ओढ. हॉलमध्ये कुणीतरी नाक ओढलं.

आक्कानं निलमचा दंड धरला. “माज्या बांगड्या कुठं गेल्या?”

निलमनं कान दिला. किणकिण पुसून टाकली होती. विधवेच्या हातात बांगड्या कशा वाजणार?

याडी उठली, पदर तोंडाला लावून बाहेर गेली. पडद्यावर नावं आली. आक्काला वाचता येत होतं. ‘ध्वनी : निलम राठोड.’ टाळ्या पडल्या.

निलमनं दिपाला जिन्यात गाठलं.

“काहून केलंस असं?”

“अगं, त्या बाईचं रडणं खोटं वाटून राहिलं होतं. आक्काचा आवाज लावला आन् सीन जिता झाला. सरच म्हणत्यात ना, चित्र लोक बघतात, पण आवाजावर इस्वास ठेवतात.”

“आण घेतली होतीस तू.”

“फिल्म हाय निलम! कोण मेलंय का खरं?” दिपा हसली. “तुजंच नाव झालं की. सर तुला शोधून राहिलेत.”

“माजं नाव काढ.”

“आता? स्पर्धेला पाठवून झाली.”

सरांनी निलमच्या पाठीवर थाप मारली. बांगड्यांचा आवाज किती सफाईनं काढलाय, म्हणाले.

घरी कुणी ओरडलं नाही. याडी देवीपुढं जाऊन बसली. आक्का कपडे भरत होती.

“तुला ठाऊक व्हतं?”

“न्हाई आक्का. देवीची आण.”

आक्काचा हात थांबला. “आण तर तवाबी घेतली व्हतीस. आन् नाव तुजंच व्हतं.”

सकाळी बाळापूरच्या फाट्याकडं जायला ऑटो आला. तांड्यात लेक केव्हाही सासरी निघाली तरी आई-बहिणीच्या गळ्यात पडते, रडत दोन ओळी गाते. बाया दारात उभ्या राहिल्या. आक्का याडीच्या पाया पडली. निलम हात पसरून पुढं झाली. आक्कानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ऑटोत चढली. ओठ घट्ट मिटलेले.

वर्षभर कान तयार केले होते निलमनं. तिला सगळं वेगवेगळं ऐकू येत होतं: ऑटोची धडधड, शेळीचं ओरडणं, याडीचा अडकलेला श्वास. दांडा धरताना आक्काच्या बांगड्या किणकिणल्या, तेही.

आक्का मात्र गायली नाही.