खंडोबाच्या दाराची कडी

गोरक्षला बोलता येत होतं, तिथंच गावाचं वाटोळं झालं. पारनेर तालुक्यातलं कोरडवाहू गाव. बाजरी आली तर आली, नाहीतर माणसं पारावर बसून एकमेकांची उणीदुणी काढायची. अशा गावात पाटलाचा धाकटा मुलगा नगरला मॅट्रिक होऊन परत आला, काळी टोपी घालून पारावर उभा राहिला आणि धर्म, रीत, वाडवडील असे शब्द फेकू लागला. आवाज असा खणखणीत की शेजारच्या वाडीतली माणसं कामं टाकून ऐकायला यायची. वय अवघं चोवीस. त्याला धर्माची चाड होती का? होती, नाही कशाला म्हणा. पण टाळ्यांची त्याहून जास्त होती.

नगरच्या एका वकीलसाहेबांनी त्याला हेरलं. हे साहेब जिल्हाभर धर्मरक्षणाच्या सभा भरवायचे. गोरक्षला त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि जिल्हा लोकल बोर्डाची जागा डोळ्यापुढं नाचवली. बोर्डावरून पुढं मुंबईच्या असेंब्लीत जाता येतं, हेही सांगितलं. ते सत्तेचाळीस साल होतं. देवळं सगळ्यांना उघडी करायचा कायदा मुंबईत होऊ घातला होता.

"तुमच्या गावच्या खंडोबाचं दार बंद राहिलं पाहिजे," वकीलसाहेब म्हणाले. "ते राहिलं, की तुमची जागा पक्की समजा."

गोरक्ष गावाकडं आला तोच अंगात आल्यासारखा. श्रावणातल्या एका रविवारी त्यानं सगळं गाव देवळापुढं गोळा केलं. गुरवानं प्रत्येकाच्या ओंजळीत बेलाचं पान ठेवलं, वर भंडारा टाकला. बेलभंडार उचलून घेतलेली आण मोडणं म्हणजे काय, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. खून पचवलेला माणूसही बेलभंडार पाहिला की दोन पावलं मागं सरतो.

"महारवाड्यासाठी कुणी ह्या दाराची कडी काढणार नाही," गोरक्ष पायरीवरून ओरडला. "आणि जो कोणी काढील, मग तो कोणी का असेना, त्याचा हात जागेवर राहणार नाही!"

हाताचं बोलणं आधी ठरलेलं नव्हतं. गर्दी बघून त्याला सुचलं आणि तो बोलून गेला. लोकांनी "येळकोट येळकोट" म्हणत गाव डोक्यावर घेतलं. मग ज्यानं त्यानं आपापलं पान देवाच्या पायरीवर टाकलं आणि सगळे जेवायला घरी गेले. एकट्या सहादेवानं पान टाकलं नाही. ते त्यानं पागोट्यात खोचून ठेवलं.

सहादेव हा गोरक्षचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा यानंच औत धरलं आणि धाकट्याला नगरला शिकायला घातलं. स्वतःला अक्षराची ओळख नाही. बोलणं इतकं कमी की त्याची बायको छबूबाई म्हणायची, "ह्यांच्यापरीस आमचा बैल बरा, मान तरी हलवतो." पण गोरक्ष बोलायला उभा राहिला की सहादेव गर्दीत मागं बसून ऐकायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. आपल्या भावाच्या तोंडून देवच बोलतोय, असं त्याला खरोखर वाटायचं.

मार्गशीर्षात खंडोबाची सट, म्हणजे चंपाषष्ठी, झाली. दुसऱ्या दिवशी खालच्या पायरीपाशी बोकड पडायचा आणि तो कापायचा मान पाटलाच्या थोरल्याचा. सहादेवानं कोयता चालवला. रक्त पायरीवरून ओघळत होतं, हलगी वाजत होती, तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि बन्सी वर चढू लागला.

बन्सी महारवाड्यातला. त्याचा बाप पाटलांकडं राबला आणि बन्सी व सहादेव लहानपणी एकाच विहिरीवर मोट हाकत वाढले. पुढं बन्सी खडकीच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिथं वर्तमानपत्र वाचायला शिकला. अंगात धुतलेला सदरा, डोकं उघडं. मागं त्याची आई राहीबाई नैवेद्याचं ताट धरून होती.

"कायदा झालाय," बन्सी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी देवाला जानार." आणि त्यानं उजवा हात कडीवर ठेवला.

हलगी थांबली. कोणी हललं नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला नुसती शिवीगाळ होऊन सगळं निभावलं असतं. पण गोरक्षच्या बाजूला नगरहून आलेले दोन पाहुणे उभे होते.

"बघता काय?" तो किंचाळला. "बेलभंडार उचललाय ना? दादा!"

सहादेव कोयता घेऊन पायऱ्या चढला. त्यानं बन्सीकडं पाहिलं नाही, भावाकडं पाहिलं. गोरक्षनं मान हलवली. कोयता एकदाच वर गेला आणि बन्सीचा हात मनगटापासून तुटून उंबऱ्यावर पडला. कडीला लागलेलं रक्त दारावर धार धरून खाली आलं. बन्सी ओरडला तो आवाज माणसाचा वाटेना.

मग गावाला चेव आला. लाठ्या घेऊन सगळे महारवाड्यावर तुटून पडले. मडकी फुटली, छपरं पेटली, पळणाऱ्या बायांना केस धरून ओढलं. एका म्हाताऱ्याला त्याच्याच दारात इतकं मारलं की तो पुन्हा उठला नाही. इकडं देवळाच्या पायरीवर राहीबाई वाकली, मुलाचा तुटलेला हात तिनं पदरात घेतला आणि ती खाली उतरली. बोकडाचं मटण मात्र ठरल्याप्रमाणे शिजलं आणि ठरल्याप्रमाणे वाटलं गेलं. अशा माणसांना काय म्हणावं!

पोलीस आले. एवढ्या जत्रेत कुणीच काही पाहिलं नव्हतं. महारवाड्याचं म्हणणं साहेबांच्या कानापर्यंत पोचेना. सहादेव कबूल व्हायला निघाला होता, पण गोरक्षनं त्याला दम दिला. "दादा, ह्ये धर्माचं काम हाय. तोंड उघडायचं न्हाई." थोरला गप्प बसला. खटला उभा राहिला आणि साक्षीदारांवाचून उन्हाळ्यात पडला. म्हातारा तर पडून मेला, असं ठरलं.

त्याआधीच, सटीनंतरच्या महिन्याभरात गोरक्षचं नाव जिल्हाभर झालं. नगरच्या सभेत त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. नेवाशापासून राहुरीपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. पण ही चैन फार टिकली नाही. जानेवारी सरता सरता दिल्लीत गांधीजींचा खून झाला आणि इकडं जाळपोळ उसळली. वकीलसाहेबांच्या घरावर दगड पडले, पुस्तकांची कपाटं रस्त्यावर आणून पेटवली, आणि धर्माचे हे कैवारी शेजाऱ्याच्या कणगीत दडून बसले. बाहेर आले ते पांढरी टोपी घालूनच. गोरक्षनंही काळी टोपी चुलीत घातली.

दिवाळीनंतर वकीलसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांचं आता सत्तेवाल्यांत उठणंबसणं होतं.

"बोर्डाचं तिकीट मिळतंय," ते म्हणाले. "पण तुमचं जुनं नाव आड येतं. या सटीला मामलेदारांसमोर खंडोबाचं दार तुम्ही स्वतःच्या हातानं हरिजनांसाठी उघडा. फोटो मुंबईला पाठवू. तो हात तुटलेला मुलगा शेजारी उभा असला म्हणजे झालं."

"आणि बेलभंडार?"

"त्याला शास्त्रात प्रायश्चित्त आहे की."

नेवाशाहून भटजी आले. त्यांनी मंत्र म्हटले, गोमूत्र शिंपडलं आणि आण सुटली असं जाहीर केलं. गोरक्षनं गावाला लापशीचं जेवण घातलं. लापशी चाटूनपुसून खाऊन गाव मोकळं झालं. सहादेव पंगतीला आलाच नाही. गोरक्ष त्याला शोधत मळ्यात गेला. थोरला विहिरीच्या काठावर बसला होता.

"दादा, पान टाकून दे आता. सगळ्यांनी टाकलं."

"बन्सीचा हात?" सहादेवानं विचारलं.

"त्याला बोर्डात शिपाई करतो. मंग तर झालं?"

"त्ये न्हाई इचारत मी. त्यो हात मी कशापायी तोडला, त्ये सांग."

गोरक्षला भरसभेत शब्दांची कधी वाण पडली नव्हती. आता तो नुसता हसला. "येळ तशी हुती, दादा. राजकारणात असं चालायचंच."

"तू म्हनालास देवाचं काम हाय. म्हनून केलं म्या." सहादेव उठून उभा राहिला. वर्षभर तो आतून जळत होता, आणि आज पहिल्यांदा ते त्याच्या तोंडावर आलं. "ह्या हिरीवर आमी संगं जेवलोय रे. आता कडी काढायला चालतीया म्हंतोस? मंग मी कोन झालो? खाटीकच की! खाटीक बी पोटासाठी कापतो."

"दादा..."

"दार खुशाल उघड म्हनावं कुनालाबी. तू उघडू नगंस. तू काढलीस कडी तर मी हाय तितंच. कोनी का असंना, असं तूच म्हनला हुतास."

आपल्याच रक्ताच्या भावावर हा हात उगारणार नाही, हे गोरक्षनं मनाशी धरून टाकलं. आयुष्यभर शब्दांशी खेळलेला माणूस. दुसऱ्यानं तेच शब्द जन्माला बांधून घेतले असतील, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. छबूबाईनं त्याच्यापुढं पदर पसरला. "भावजी, ह्ये जेवत न्हाईत, झोपत न्हाईत. तुमी नगा जाऊ त्या दाराला." तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

सटीच्या दुसऱ्या दिवशी देवळाला आंब्याची तोरणं लागली. मामलेदार खुर्चीवर, मागं शिपाई, समोर तिपाईवर कॅमेरा. वकीलसाहेब आपली टोपी पुन्हा पुन्हा सारखी करत होते. खालच्या पायरीपाशी रिवाजाप्रमाणे सहादेवानं बोकड कापला. त्याच्या हातातल्या कोयत्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरच्या हातात असायचा.

"या, या बन्सीराव!" गोरक्ष हार घेऊन पुढं आला. वर्षापूर्वीचा बन्शा आता बन्सीराव झाला होता.

बन्सीनं हार डाव्या हातानं बाजूला सारला. उजव्या बाहीचं टोक नुसतंच लोंबत होतं. "मी आत जायाला आलोय," तो म्हणाला. "फोटूला न्हाई."

गोरक्षनं हार गुरवाकडं दिला, कॅमेऱ्याकडं तोंड केलं आणि कडीला हात घातला. सहादेव पायऱ्या चढून वर आला होता.

"गोरक्ष, हात काढ."

हे सगळ्यांना ऐकू गेलं. गोरक्षनंही ऐकलं. त्याचा हात कडीवर थबकला, पण फोटोवाला "हलू नका" म्हणाला आणि समोर अख्खा जिल्हा पाहत होता. तो हसला, त्यानं कडी काढली.

कोयता खाली आला. पहिल्या घावात हाड पुरतं तुटलं नाही. गोरक्ष "दादा, दादा" करत गुडघ्यावर कोसळला, त्याची पांढरी टोपी रक्तात पडली, आणि रडत रडत, त्याचं मनगट उंबऱ्यावर दाबून धरून सहादेवानं दुसरा घाव घातला. तिपाई आडवी झाली. वकीलसाहेब गर्दी तुडवत पळाले. बायाबापड्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. शिपायांनी सहादेवाला लाठ्यांनी फोडून काढलं. डोकं फुटलं, दात पडले, पागोटं सुटून लांब जाऊन पडलं. त्यानं हात वर केला नाही. कोयता त्यानं आधीच टाकून दिला होता.

त्या गोंधळात बन्सी उभा होता. त्यानं तळमळणाऱ्या गोरक्षकडं पाहिलं, मग दाराकडं. कडी निघालेली होती. रक्तात पाय भरू न देता तो कडेनं गेला, खांद्यानं दार लोटलं आणि आत शिरला. मागून राहीबाई गेली. थोड्या वेळानं आतली घंटा वाजली.

गोरक्षला मामलेदारांच्या मोटारीत घालून नगरला नेलं. तो जगला. तिकीट दुसऱ्याला मिळालं.

दुपारी चावडीवर फौजदारानं पंचनामा मांडला. गावातल्या एकानंही काही पाहिलं नव्हतं. कुणी म्हणे पाणी प्यायला गेलो होतो, कुणी म्हणे डोळ्यांत भंडारा गेला होता. महारवाड्यातली माणसं लांब लिंबाखाली उभी होती आणि त्यांच्यात बन्सी होता. सहादेवाला दोरीनं बांधून आणलं. सुजलेल्या डोळ्यांनी त्यानं लिंबाकडं पाहिलं, पण बन्सीनं मान फिरवून घेतली.

"गाव बोलत नसलं तरी मामलेदारांनी डोळ्यांनी पाहिलंय, तेव्हा नीट विचार करून बोल," फौजदार चिडून म्हणाला. "हात कुणी तोडला?"

"म्या."

फौजदारानं टाक उचलला. "हात कुणाचा तोडलास, ते लिहितो. गोरक्ष..."

"थांबा, सायेब," सहादेव म्हणाला. तुटलेल्या दातांतून शब्द धड येत नव्हते, म्हणून तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलला. "म्या दोन तोडल्यात. आधी बन्सीचा लिवा."